हॉप्टनची बाजू

सुश्रुतला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो जमिनीवर गुडघे टेकून बसला होता आणि त्याची हनुवटी टेबलाच्या कडेवर होती. लंडनच्या एजवेअर भागात एका चर्चमागे एक हॉल आहे. दर रविवारी सकाळी तिथल्या लहान खोलीत आम्ही मुलांची मराठी शाळा भरवतो आणि मोठ्या खोलीत एक क्लब जमतो. चांगली पोक्त माणसं बोटाच्या पेराएवढे शिपाई टेबलावर मांडतात, फासे टाकतात आणि जुन्या लढाया पुन्हा लढतात. मुलांना वर्गात सोडलं की बहुतेक आईबाप खरेदीला पळतात. हा बाप मात्र मुलीला सोडून मोठ्या खोलीत शिरला होता आणि एक डोळा मिटून शिपायांच्या उंचीवरून रणांगण बघत होता.

मी किटली भरायला त्या बाजूला गेले होते. "काही हरवलंय का?" मी विचारलं.

तो दचकून उठला आणि त्याने गुडघे झटकले. "नाही बाई. इथून काय दिसतं ते बघून राहिलो होतो. वरून आपल्याला सगळंच दिसतं. त्या बिचाऱ्याला एवढंच दिसत असेल ना? समोर कुंपण आणि त्याच्यावर आभाळ."

"कुठला बिचारा?"

त्याने शिपायांच्या मागे घोड्यावर बसलेल्या एका इवल्याशा माणसाकडे बोट दाखवलं. "हा. हॉप्टन."

'बघून राहिलो' ऐकूनच मी ओळखलं की हा नागपूरचा. पुढच्या रविवारपासून तो त्या क्लबात खेळायलाच बसू लागला, आणि दर वेळी हॉप्टनच्याच बाजूने.

हा हॉप्टन कोण, हे मलाही माहीत नव्हतं. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवला, इतिहास नाही. सुश्रुतनेच मला चहाच्या कपांमध्ये ती हकिकत तुकड्यातुकड्यांनी सांगितली. आपल्याकडे तोरणा घेतला त्याच सुमाराची गोष्ट. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी चालू होती आणि ती संपत आली होती. राजाची बाजू सगळीकडे हरली होती. नैर्ऋत्येला एक सैन्य तेवढं उरलं होतं आणि तेही नुसतं नावाला. एक सेनापती फ्रान्सला निघून गेला होता, दुसऱ्याने हॉप्टनच्या हाताखाली काम करायला नकार दिला, म्हणून त्याला कैदेत टाकलं. असं ते मोडकं सैन्य सर राल्फ हॉप्टनच्या गळ्यात घातलं गेलं. समोर पार्लमेंटचा सेनापती फेअरफॅक्स, त्याचं सैन्य कवायती आणि शिस्तीचं. टॉरिंग्टनच्या लढाईनंतर हॉप्टन मागे मागे हटत कॉर्नवॉलमध्ये गेला. नकाशावर कॉर्नवॉल नरसाळ्यासारखं दिसतं. आत जावं तसं निमुळतं होत जातं आणि दोन्ही बाजूंना समुद्र. टोकालाही समुद्रच.

"मग तू जिंकणाऱ्याच्या बाजूने का नाही बसत?" मी एकदा विचारलं.

सुश्रुतची एक सवय होती. प्रश्न आला की तो आधी थर्मासचं झाकण घट्ट करायचा, मग बोलायचा. "फेअरफॅक्सकडून खेळलं तर कोणीही जिंकेल बाई. हॉप्टनला काम दिलं तेव्हाच ते संपलेलं होतं. त्याला ते ठाऊक होतं, तरी तो हो म्हणाला. असा माणूस नेमका कुठे चुकतो ते मला बघायचं आहे."

हे त्याच्या धंद्याला शोभणारं बोलणं होतं. तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्यांनी बांधलेलं कुठे मोडतं ते शोधायचं आणि शांतपणे कळवायचं, हे त्याचं काम. माणूसही तसाच शांत. खुर्चीवर कधी पूर्ण टेकून बसायचा नाही, पुढच्या निम्म्या भागावरच बसायचा, कोणी उठा म्हणेल की काय अशा बेताने. बूट मात्र आरशासारखे. त्याच्या मुलीच्या, चैत्रालीच्या, वहीत मी लाल शाईने काही लिहिलं की घरी जाण्याआधी तो ते तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचा.

त्याची बायको मनीषा अमरावतीची. ती रेडिओग्राफर. इथली नोंदणी व्हायला तिला बराच काळ लागला. तोवर एका हॉस्पिटलात असिस्टंट म्हणून ती पेशंटना मशीनपर्यंत न्यायची आणि आणायची. चालण्याबोलण्यात चटपटीत. सुश्रुतचं एक वाक्य पूर्ण होईपर्यंत तिची तीन व्हायची. ते तिघं सुश्रुतच्या वर्क व्हिसावर आले होते. नोकरी आहे तोवर व्हिसा. एकाच व्हिसावर पाच वर्षं भरली की कायमचं राहता येतं. सुश्रुतची चार झाली होती. मधेच बातमी आली, की सरकार पाचाची दहा करायच्या विचारात आहे. त्या रविवारी हॉलबाहेर सगळे पालक फोनमध्ये डोकं घालून उभे होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सुश्रुत एवढंच म्हणाला, "आपण धावत असताना कोणीतरी दोरी पुढे नेऊन राहिलं."

मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी तो मला लायब्ररीत दिसला. खिडकीपासून लांबचं टेबल, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग, शेजारी जेवणाचा डबा. लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होता. मला पाहिल्याबरोबर त्याने लॅपटॉप अर्धा मिटला.

"वर्क फ्रॉम होम," तो म्हणाला.

"ही लायब्ररी आहे, सुश्रुत."

तो हसायला गेला, पण ते हसू काही जमलं नाही. मी समोरची खुर्ची ओढून बसले. वर्गात एखादं मूल असं गप्प झालं की त्याच्याकडे बघायचं नसतं, दुसरीकडे बघत बसायचं असतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. थोड्या वेळाने तो आपणहून बोलू लागला.

ईस्टरच्या आधी कंपनीने त्याला टीमचा प्रमुख केलं होतं. मनीषाने त्या दिवशी श्रीखंड केलं. प्रत्यक्षात ती टीम बंद करायची होती आणि माणसांना एकेक करून सांगायला कोणीतरी हवं होतं. त्याने सगळ्यांना सांगितलं. शेवटी त्यालाही सांगितलं गेलं. होम ऑफिसकडून, म्हणजे इथल्या गृहखात्याकडून, पत्र आलं होतं. दोन महिन्यांच्या आत दुसरी कंपनी स्पॉन्सर म्हणून मिळाली तर ठीक, नाहीतर तिघांनी देश सोडायचा. त्यातला निम्मा वेळ सरला होता. मनीषाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो रोज डबा घेऊन निघायचा आणि लायब्ररी उघडायची वाट बघत बाकावर बसायचा.

"तिला सांगत का नाहीस?"

त्याने थर्मासचं झाकण फिरवलं. "तिला ग्लासगोच्या हॉस्पिटलमधून ऑफर आली आहे. पूर्ण रेडिओग्राफर म्हणून. ते तिला स्पॉन्सर करतील, मी आणि चैत्राली तिच्यामागे."

"अरे, मग झालंच की!"

"झालं कसं बाई? तिचा व्हिसा म्हणजे तिचं घड्याळ शून्यापासून. माझी चार वर्षं गेली. एक राहिलं होतं फक्त. मीच तिला म्हटलं, की ग्लासगोला नाही म्हण, माझं इथे पक्कं आहे. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"आणि दुसरी नोकरी?"

"तीन ठिकाणी शेवटच्या इंटरव्ह्यूपर्यंत गेलो. छान बोलतात. स्पॉन्सरशिप म्हटली की आवाज बदलतो. पण एक मिळाली, तर काही झालंच नाही असं होईल. तिला कळायचंही कारण नाही." मग खाली बघत म्हणाला, "तुम्ही बोलू नका बाई तिच्याशी. प्लीज."

मी बोलणार नाही म्हणाले. पुढच्याच रविवारी मनीषाने मला दारात गाठलं. "बाई, तुम्हीच सांगा. ग्लासगोवाले उत्तर मागताहेत. हा म्हणतो नाही म्हण, माझं एकच वर्ष राहिलंय. बरोबरच आहे ना त्याचं? पण मला आतून वाटतंय हो, की जावं. मशीनला हात लावून किती वर्षं झाली." तिच्या खांद्यावरून मला सुश्रुत दिसत होता. तो माझ्याकडे बघत होता. "घाईने नाही म्हणू नकोस," एवढंच मी म्हणाले. त्याहून जास्त बोलायची मला सोय नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी क्लबात मोठा खेळ होता, टॉरिंग्टनपासून अखेरपर्यंतचा. सुश्रुत हॉप्टन. त्याच्या घोडदळाचा सरदार म्हणून योएलकाका. योएलकाका मुंबईच्या भायखळ्याचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, शाळकरी वयात इथे आलेले, आता पंचाहत्तरीच्या पुढचे. घरी शेवटपर्यंत आईशी मराठीच बोलायचे, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या ट्रंकेतल्या कपड्यांसारखी घडी न मोडलेली. समोर फेअरफॅक्स म्हणून त्यांचाच मुलगा एलियट. तो हॉस्पिटलच्या औषधविभागात काम करतो. सावकाश, सभ्य आणि हट्टी. बापलेक एका गाडीतून यायचे आणि खेळ सुरू झाला की एकमेकांशी बोलणं बंद.

खेळाचा नियम असा, की सेनापती टेबलापाशी आणि सरदार आतल्या स्वयंपाकघरात आपला नकाशा घेऊन. दोघांनी बोलायचं नाही. चिठ्ठी पाठवायची, तीही जास्तीत जास्त सहा शब्दांची. चिठ्ठ्या नेणाऱ्या पंचबाई निवृत्त पोस्टमास्तर होत्या. या दोघांनी चिठ्ठ्या मराठीत लिहायचं ठरवलं, म्हणजे एलियटने चोरून पाहिली तरी फायदा नाही. पंचबाईंनी त्यालाही हरकत घेतली नाही. "मला वाचता नाही आली तरी चालेल, शब्द मोजता आले म्हणजे झालं," त्या म्हणाल्या आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागा बोटाने मोजू लागल्या.

मी वर्गात मुलांकडून नद्यांची नावं म्हणून घेत होते. एवढ्यात मोठ्या खोलीतून सुश्रुतचा आवाज आला. मी त्याला आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. मुलांसकट सगळे तिकडे धावलो.

कॅमल नदीवरच्या पुलापाशी हॉप्टनचं घोडदळ असायला हवं होतं. ते पार दुसरीकडे एका टेकडीमागे उभं होतं. पुलावरून एलियटचं अख्खं सैन्य आरामात अलीकडे आलं होतं.

"काका, मी स्पष्ट लिहिलं होतं ना! 'घोडदळ परवा पुलावर. मी मागे.'"

"तेच तर मी वाचलं!" योएलकाका चिठ्ठी फडकवत स्वयंपाकघरातून आले. "परवा पुलावर घोडदळ होतं. म्हणजे शत्रूचं. मी म्हटलं, शाबास, पोराने खबर दिली. मग मी पुलाकडे कशाला मरायला जाऊ? गेलो टेकडीमागे."

"अहो, यायचा परवा! आज, उद्या, परवा!"

"मग तसं लिहायचं. परवा म्हणजे होऊन गेलेला. आज, काल, परवा."

"दोन्ही असतं!"

"दोन्ही असतं तर हुकुमात घालतोस कशाला? एक क्रियापद लिहिलं असतंस तर हात झिजला असता? एकच शब्द जास्त झाला असता की रे बाबा. सहाचा नियम, पाच वापरलेस!"

एलियटला काही कळेना. "डॅडी, काय झाली?"

"काय झाली नाही, काय झालं! तुझा फायदा झालाय, गप बस."

मुलं हसून लोळत होती. पंचबाईंना मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे कालच्या आदल्या दिवसाला आणि उद्याच्या पुढच्या दिवसाला एकच शब्द आहे. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, की असं असेल तर तुमच्याकडे टपाल वेळेवर कसं पोचतं.

सुश्रुत मात्र हसला नाही. तो खाली बसला. टेबलावरचं कॉर्नवॉल रंगवलेल्या फळीचं होतं, कडेने निळा रंग. त्याचे शिपाई त्या निमुळत्या टोकात दाटीवाटीने उभे होते. कुठेही हलवले तरी निळ्या रंगात जात होते. एलियट हळू आवाजात इंग्रजीत म्हणाला, की मी अटी देतो. माणसं घरी जातील. तू हवं तर परदेशी जा. खऱ्या फेअरफॅक्सनेही जवळजवळ अशाच अटी दिल्या होत्या आणि हॉप्टनने त्या मान्य केल्या होत्या. सुश्रुतला हे त्याच्याहून चांगलं माहीत होतं.

तो फासे मुठीत धरून नुसता बसून राहिला. मी मुलांना वर्गात नेलं, धडा संपवला, घंटा वाजवली, मुलांचे आईबाप येऊन त्यांना घेऊन गेले. मी परत आले तरी सुश्रुत तसाच. योएलकाका माझ्या कानात म्हणाले, "अनुराधाबाई, ह्याला काय झालंय? खेळ आहे हो. मी सॉरी म्हणू का?"

"तुमच्यामुळे नाही," मी म्हणाले.

मग मनीषा आली. शिफ्टवरून सरळ आली होती, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र तसंच. चैत्राली तिच्याकडे धावत गेली. "आई, बाबा हरले! योएल अंकलनी परवा चुकीचं वाचलं!"

"झालं ना मग? चल, उठ," मनीषा सुश्रुतला म्हणाली.

"संपलेलं नाही," सुश्रुत म्हणाला.

तिने टेबलाकडे पाहिलं. "हे निळं काय? समुद्र?"

"हो."

"मागे पण?"

"हो."

"आणि पुढे हे सगळे एलियटचे? मग बसलायस कशासाठी? कोण येणार आहे?"

तिने ते सहज विचारलं होतं. रविवारी दुपारी नवरा खेळण्यांपाशी हटून बसला तर कोणतीही बायको विचारेल तसं. सुश्रुतने फासे टेबलावर ठेवले. त्याने थर्मास शोधला, पण तो खिडकीत होता. धरायला काहीच नव्हतं.

"मनीषा, माझी नोकरी गेली आहे," तो म्हणाला. "ईस्टरनंतर लगेच. मी रोज लायब्ररीत जातो."

एलियटने मराठी फारसं कळत नसूनही मान खाली घातली. मनीषाने आधी चैत्रालीच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा चेहरा मी नीट पाहत होते. तिथे राग यायच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. तिला रोजचे डबे आठवत असावेत, भरून दिलेले.

"ग्लासगोचं काय केलंस?" सुश्रुतने विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नाही म्हणून कळवलंस?"

"परवा," ती म्हणाली.

मी आयुष्यभर मराठी बोलत आले आहे. त्या शब्दाची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. योएलकाकांनी खुर्चीची पाठ धरली.

"कोणता परवा?" सुश्रुत म्हणाला. "मनीषा, गेलेला की यायचा?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मुद्दाम थांबली की तिला बोलवत नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"यायचा," ती म्हणाली. "मंगळवारपर्यंत मुदत आहे. तू रोज विचारत होतास, कळवलंस का, कळवलंस का. मी रोज उद्यावर ढकलत होते. माझ्याच्याने नाही म्हणवत नव्हतं." आणि मग राग आला. "मला वाटायचं मी तुझ्याशी खोटं वागतेय, सुश्रुत. मला! लाज वाटायची मला!"

तिने चैत्रालीचा कोट उचलला, तिला घातला, बटणं लावली आणि दोघी बाहेर पडल्या. सुश्रुत उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन एलियटसमोर उभा राहिला.

"आय अ‍ॅक्सेप्ट," तो म्हणाला. एलियटने हात पुढे केला, तो त्याने हलवला आणि मुलीचं दप्तर, बायकोची विसरलेली छत्री आणि स्वतःचा थर्मास घेऊन त्यांच्यामागे धावला. मी खिडकीतून पाहिलं. मनीषा पुढे, चैत्राली तिच्या हाताला, आणि तो मागे, दहा पावलांवर. बसस्टॉपपर्यंत ते अंतर काही कमी झालं नाही.

मनीषाने मंगळवारी ग्लासगोला हो कळवलं. घरात तिने त्याच्याशी कामापुरतं बोलणं बरेच दिवस चालवलं, असं चैत्रालीच्या निबंधावरून मला कळलं. निबंधाचा विषय 'माझे घर' होता आणि त्यात 'आमच्या घरी आता खूप शांतता असते' असं वाक्य होतं. जुलैत ते गेले. जाण्याआधी सुश्रुत मला भेटायला आला. प्रथमच तो खुर्चीवर पाठ टेकून बसला, पण ते आरामाने नाही. दमलेला माणूस बसतो तसं.

"हॉप्टनचं पुढे काय झालं रे?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"परदेशी राहिला बाई. परत आला नाही. तिकडेच वारला." मग म्हणाला, "त्याच्या बायकोचं काय झालं ते मी कधी वाचलंच नाही."

योएलकाका अजून मला म्हणतात, की चूक सुश्रुतचीच, क्रियापद लिहायला हवं होतं. हॉप्टनकडून खेळायला कोणी मिळत नाही म्हणून एलियट कुरकुरतो. मनीषाचा फोन येतो. ग्लासगोत पाऊस फार, फ्लॅट लहान, पण हॉस्पिटल चांगलं आहे म्हणते. पाच वर्षं की दहा, ते तिथे गेल्यावरही कोणी नक्की सांगितलेलं नाही. सुश्रुतने नोकरीसाठी अर्ज करणं चालू ठेवलं आहे. तोवर तो एका शाळेच्या ऑफिसात सकाळचं काम करतो आणि दुपारी चैत्रालीला आणतो.

त्यांचा व्हिसा आता मनीषाच्या नावावर आहे आणि सुश्रुत तिचा डिपेंडंट आहे.